आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

या वेळच्या पत्रांत कार्बोरेटरच कार्बोरेटर आहेत, म्हणून म्हटलं सगळी एकदाच घेऊन टाकू. गाड्या वेगवेगळ्या, मालक वेगवेगळे, पण जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं आहे, "स्क्रू थोडा फिरवून पाहिला." खरा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : सर, माझी १९६७ ची एमजीबी आहे, दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर असलेली. स्लोला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, गाडी डुलते, आरपीएम वर-खाली होत राहतो, मध्येच बंद पडते. प्लग काढले तर पुढचे दोन काळेकुट्ट आणि मागचे दोन पांढरट. कार्बोरेटरच्या खालचे नट इतक्या वेळा इकडे-तिकडे फिरवलेत की मुळात कुठे होते तेच आता कळत नाही. नवीन कार्बोरेटर घ्यावेत का?

उत्तर : नवीन अजिबात घेऊ नका. आणि मूळ जागा हरवली म्हणून घाबरूही नका, एसयूची ही मोठी सोय आहे की शून्यावर परत जाता येतं. पण तिथे जायच्या आधी बाकीचं सगळं बघायचं, आणि हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी लोक थेट कार्बोरेटरकडेच धावतात. चोर सोडून संन्याशाला सुळी. माझ्या स्वतःच्या गाडीवर मी एकदा अख्खा शनिवार-रविवार घालवलाय, सुई बदलली, जेट (पेट्रोल यायचं भोक) बदलला, घरचे हाका मारून मारून झोपून गेले, आणि शेवटी निघालं काय तर डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर. इंजिन थंड असताना ठीक, तापलं की ठिणगी पिवळी आणि मरतुकडी, आणि मी बसलोय हवा-पेट्रोलचं मिक्श्चर जुळवत. तेव्हापासून कार्बोरेटर शेवटी.

म्हणजे क्रम असा ठेवा. इंजिन थंड असताना टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट तपासा, या इंजिनाला ०.०१५ इंच. मग डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप, तीही ०.०१४ ते ०.०१६ इंच, पॉइंटवर खड्डा-टेकाड तयार झालं असेल तर घासत बसू नका, पॉइंट बदला आणि कंडेन्सरही बदला. प्लगची गॅप ०.०२५ इंच. मग टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. कॉम्प्रेशन एकदा मोजून घ्या, कारण एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर जगातला कुठलाही कार्बोरेटर ते इंजिन स्लोला शांत ठेवू शकणार नाही.

आता तुमच्या केसमध्ये एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती तुम्ही स्वतःच लिहिलीत. पुढचे दोन काळे, मागचे दोन पांढरे. पॉइंट आणि कंडेन्सर चारही सिलिंडरना सामायिक असतात, त्यांची चूक असती तर ती अशी जोडीजोडीने वाटली गेली नसती. आणि या इंजिनाच्या हेडमध्ये इनटेकचे पोर्टही दोन-दोन सिलिंडरमागे एक असेच आहेत, पुढचा कार्बोरेटर पहिल्या-दुसऱ्याला आणि मागचा तिसऱ्या-चौथ्याला. तेव्हा पुढचा रिच (पेट्रोल जास्त) आणि मागचा लीन (पेट्रोल कमी) चाललाय हे उघड आहे, संन्याशीही थोडा सामील आहे म्हणायचा. फक्त मागचा लीन का आहे याची कारणं दोन असू शकतात, एकतर तुम्ही नट वर चढवून ठेवलाय, नाहीतर त्या बाजूला कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय. दुसरं कारण असेल तर नट फिरवून काही होणार नाही.

हवा कुठून जाते ते शोधायला इंजिन स्लोवर ठेवून मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या जोडावर, आणि थ्रॉटलचा (हवेची वाट उघडणाऱ्या चकतीचा) दांडा जिथून बॉडीतून बाहेर येतो तिथे कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारायचा. आवाज बदलला की जागा सापडली. हा फवारा पेट घेणारा असतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तिथेच खाली तापलेला असतो, त्यामुळे आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा आणि फवारा भसाभस मारू नका. थ्रॉटलचा दांडा बोटांनी वर-खाली हलवून बघा, टकटक हलत असेल तर पन्नास-साठ वर्षांत त्याची भोकं झिजून अंडाकृती झालीत. याला नवीन बुश आणि नवीन दांडा हाच इलाज, ट्युनिंगने हे झाकता येत नाही, लोक झाकायला बघतात आणि मग सहा महिन्यांनी मला पत्र लिहितात.

एवढं झालं की मग कार्बोरेटर. एअर फिल्टर काढा, डॅशपॉटच्या (कार्बोरेटरवरच्या टोपीसारख्या भागाच्या) डोक्यावरचा डॅम्पर काढा, आणि बोटाने पिस्टन वर उचलून सोडा. खाली बसताना 'टक्' असा धातूचा स्वच्छ आवाज यायला हवा. आवाज मऊ आला किंवा पिस्टन मध्येच अडकला तर सुई जेटला घासतेय, किंवा पिस्टनवर चिकट थर साचलाय. डॅशपॉट काढून पेट्रोल नाहीतर थिनरने पुसा, पॉलिश पेपर अजिबात नको. आणि पुढचा डॅशपॉट पुढच्याच पिस्टनवर, मागचा मागच्याच, या जोड्या कारखान्यात एकमेकांना जुळवलेल्या असतात. काढायच्या आधी खूण करून ठेवा, नंतर आठवेल असं वाटतं पण आठवत नाही.

आता शून्य. खालचा नट पूर्ण वर चढवा, म्हणजे जेटचं तोंड घशाच्या तळातल्या पट्टीशी सपाट होईल, बोट फिरवलं तरी समजतं. दोन्ही जेट एकाच पातळीला आलेत का बघा, मग दोन्ही नट दोन-दोन पूर्ण आटे खाली उतरवा. नटाला सहा बाजू, म्हणजे बारा बाजू झाल्या. जेट खाली गेला की निमुळत्या सुईभोवतीची फट वाढते, म्हणजे मिक्श्चर रिच, वर गेला की लीन. बस, एवढंच यंत्र आहे ते. एसयूमध्ये वेगवेगळ्या स्पीडला वेगवेगळे जेट नाहीत, इंजिन जेवढी हवा मागेल तेवढा पिस्टन आपोआप वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर सुईही, म्हणून तर १९०५ च्या सुमारास स्किनर मंडळींनी काढलेली ही कल्पना इतकी वर्षं टिकली. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन.

इंजिन नीट गरम होऊ द्या. दोन कार्बोरेटरच्या मधल्या दांड्यावरच्या क्लॅम्प सैल करा, चोकची जोडणीपण मोकळी करा, म्हणजे दोन्ही एकमेकांपासून सुटे झाले. आता रबराची एक हातभर नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडात प्रत्येक वेळी त्याच जागी. 'स्स्स' असा आवाज येतो. दोन्हीकडे तो सारखा येईपर्यंत दोन्ही स्लोचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे. हवा मोजायचं मीटर मिळतं, तेही चांगलं आहे, पण कान तयार झाला की नळी पुरते.

हवा सारखी झाली की मगच मिक्श्चर. कार्बोरेटरच्या बाजूला खालून एक छोटी पिन असते, ती दाबून पिस्टन अगदी जेमतेम, पाऊण-एक मिलिमीटर उचला. आरपीएम वाढला आणि वाढलेलाच राहिला तर रिच. लगेच पडायला लागला तर लीन. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा, दोन्ही कार्बोरेटरवर आळीपाळीने, कारण मधल्या बॅलन्स पाइपमुळे एकाचं केलं की दुसऱ्याचं थोडं हलतं. दोन-तीन मिनिटांत जमलं नाही तर अर्धा मिनिट अडीच हजारवर रेस देऊन इंजिन मोकळं करा आणि परत या, नाहीतर साठलेल्या पेट्रोलमुळे चुकीचं वाचाल. शेवटी क्लॅम्प घट्ट करताना दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतात ना ते बघा. एक आधी आणि एक मागून उघडला तर स्लो कितीही सुंदर झाला तरी गाडी सुटताना झटका देणारच.

प्रश्न : अल्फा स्पायडर, दोन वेबर ४० डीसीओई. फुल रेस दिली तर बंदुकीच्या गोळीसारखी जाते पण हळूहळू अॅक्सिलरेटर दाबत नेला की २००० ते २५०० च्या मध्ये ठसका लागल्यासारखी होते, कार्बोरेटरमधून फट् असा आवाजही येतो. मेकॅनिकने मेन जेट दोनदा बदलले, काही फरक नाही.

उत्तर : फरक पडणारच नव्हता. मेन जेट तिथे कामालाच आलेला नसतो. डीसीओईमध्ये स्लोपासून साधारण तुम्ही म्हणता त्या आरपीएमपर्यंत, हलक्या पायाने, गाडी चालते ती आयडल जेटवर, म्हणजे स्लोच्या जेटवर. थ्रॉटलची चकती थोडी उघडली की तिच्या काठाशी बॉडीत असलेली बारीक भोकं एकामागून एक उघडी पडतात आणि त्यातून पेट्रोल यायला लागतं, त्यांना प्रोग्रेशनची भोकं म्हणतात, आणि त्यांना पेट्रोल पुरवतो तो आयडल जेटच. मेन सर्किट जागं व्हायच्या आधी ते कमी पडलं की नेमका असा ठसका. कार्बोरेटरमधून उलटं फट् होणं म्हणजे लीन, हे जवळजवळ डोळे मिटून सांगावं.

पण जेट बदलायच्या आधी साफ करा. वरचं झाकण त्याच्या पाकळ्यांच्या नटासकट काढलं की आयडल जेट समोरच दिसतात, ही वेबरची खरी मजा आहे, पाच मिनिटांत चारही हातात. भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, टाकीतल्या गंजाचा एक कण पुरतो. उजेडाकडे धरून बघा, हवेने फुंका, पण तार घालू नका, तारेने भोक मोठं होतं आणि मग त्या जेटवर छापलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. जेटवर '५० एफ८' असं काहीतरी असेल, त्यातलं ५० म्हणजे ०.५० मिलिमीटरचं पेट्रोलचं भोक आणि एफ नंतरचा आकडा म्हणजे हवेच्या भोकाचा प्रकार. ते एफचे आकडे चढत्या क्रमाने रिच-लीन होत नाहीत, ही वेबरवाल्यांनी करून ठेवलेली गंमत आहे, तक्ता बघितल्याशिवाय अंदाजाने घेऊ नका.

कुठला जेट तुंबलाय हे कळायला इंजिन स्लोवर ठेवून एकेक मिक्श्चर स्क्रू हळूच बंद करत जा. इथे कार्बोरेटरच्या प्रत्येक घशाला (हवेच्या वाटेला) एकच सिलिंडर, त्यामुळे जो बंद केल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच झोपलेला होता. चारही नीट काम करत असतील आणि तरी ठसका राहिला तर मग एक पायरी मोठा आयडल जेट, म्हणजे ५० असेल तर ५५.

आणखी एक तपासा, हे फार जण विसरतात. स्लोचा स्पीड वाढवण्यासाठी कुणी थ्रॉटलचा स्क्रू बराच आत नेऊन ठेवलाय का? तसं असेल तर चकती स्लोलाच प्रोग्रेशनच्या भोकांच्या पुढे जाऊन बसलीय, मग मिक्श्चर स्क्रू फिरवला तरी इंजिन ऐकत नाही आणि पुढे जिथे भोकं उपयोगी पडायची तिथे ती संपलेली असतात. बहुतेक वेळा याचं मूळ मागे पडलेल्या टायमिंगमध्ये असतं, म्हणजे परत तेच, इग्निशन आधी.

आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावरच ठसका येत असता तर मी पंप जेट (पाय दाबताच जादा पेट्रोल उडवणारा) बघायला सांगितलं असतं. इंजिन बंद ठेवून घशात बघत थ्रॉटल उघडला की प्रत्येक घशात एक-एक बारीक, सरळ पिचकारी दिसली पाहिजे.

प्रश्न : गाडी तासभर पळवून दहा-पंधरा मिनिटं उभी केली की सुरूच होत नाही, पेट्रोलचा वास येतो. तासाभराने पहिल्या सेल्फला चालू. लोक म्हणतात व्हेपर लॉक आहे, पाइपला लाकडी चिमटे लावा.

उत्तर : चिमटे कपड्यांनाच शोभतात. चालती गाडी पाइपमध्ये उकळलेल्या पेट्रोलमुळे बंद पडली तर ते व्हेपर लॉक, तुमचं तसं नाहीये. इंजिन बंद केल्यावर पंखा नाही, वारा नाही, गार पाणी फिरत नाही, सगळी उष्णता वर चढते आणि थेट कार्बोरेटरमध्ये येते. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आतच उकळायला लागतात. फ्लोटच्या भांड्यातलं (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल फसफसून जेटमधून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि प्लग ओले होतात. म्हणून वास.

आत्ता तात्पुरतं असं करा, चोक नको, अॅक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवा आणि सेल्फ मारा, सुरू झाल्यावर सोडा. फटाफट पंपिंग करू नका, पंपाच्या कार्बोरेटरला तर प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. कायमचं म्हणाल तर कार्बोरेटर आणि एक्झॉस्टच्या मधला पत्रा जागेवर आहे का बघा, जुन्या गाड्यांतून तो कुणीतरी कधीतरी काढून फेकलेला असतो. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला जाड इन्सुलेटर ठोकळा आहे का बघा. आणि मधल्या काळात कुणी इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर त्याचं प्रेशर मोजा. एसयूला अडीच-तीन पीएसआय पुष्कळ झालं, पाच-सहाचा पंप बसवला तर फ्लोटची सुई ते अडवूच शकत नाही.

प्रश्न : कार्बोरेटर पूर्ण उघडून नवीन किट टाकून बसवला, आता ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळतं. सुई आणि सीट दोन्ही नवीन आहेत.

उत्तर : फ्लोट जुनाच ठेवलात ना? पितळी असेल तर काढून कानाजवळ हलवा. आत चुळबुळ ऐकू आली तर तो प्यायलेला आहे. चुळबुळ नसेल तरी एका भांड्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको, आणि फ्लोट पूर्ण बुडवून धरा. मी एका फ्लोटला असं धरलं होतं, मिनिटभर काही नाही, मी सोडणारच होतो आणि डाग दिलेल्या सांध्याच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे एकामागून एक सुटायला लागले. ते भोक नुसत्या डोळ्याला दिसत नव्हतं. डाग देऊन बुजवता येतं, पण आतलं पेट्रोल पूर्ण निघालंय याची खात्री झाल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री किंवा ज्योत जवळ न्यायची नाही. खरं तर नवीन फ्लोटच घ्या. आणि ट्यूनिंग वगैरे सगळं त्यानंतर, भांड्यातली पातळी चुकीची असताना केलेलं मिक्श्चर नंतर फुकट जातं.

प्रश्न : इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागल्यापासून गाडी मिळमिळीत चालते असं वाटतं. मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : नाहीत. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ च. कारण इथेनॉल स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं. म्हणजे तोच जेट, तीच सुई, पण १० टक्के इथेनॉल असेल तर मिक्श्चर ४ टक्क्यांच्या आसपास लीन, २० टक्के असेल तर ८ च्या आसपास. नव्या गाड्यांत सेन्सर ते भरून काढतो, आपल्या कार्बोरेटरला कोण सांगणार. सोपी परीक्षा आहे, गरम इंजिनावर चालवताना चोक अगदी किंचित ओढा. गाडी सुधारली तर लीन आहे, बिघडली तर दुसरं काहीतरी शोधा. १० टक्क्यांना एसयूचा नट एक-दोन बाजू उतरवून बऱ्याचदा भागतं, २० ला एक पायरी रिच सुई किंवा जेट लागू शकतो.

मिक्श्चरपेक्षा मला काळजी रबराची वाटते. जुन्या नळ्या आतून फुगतात, मऊ पडतात, त्यांचे काळे कण थेट जेटमध्ये. बाहेरून नळी नवीसारखी दिसते, वाकवून बघा, चिरा दिसतील. एसएई जे३० आर९ छापलेली नळी घ्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर फ्लोटची भांडी रिकामी करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रश्न : एसयूच्या डॅशपॉटमध्ये कुठलं ऑइल? मी गिअर ऑइल टाकलंय कारण ते लवकर संपत नाही.

उत्तर : काढा ते. एसएई २० चं साधं ऑइल. घट्ट ऑइलने पिस्टन वर यायला उशीर करतो, पाय दाबला की गाडी क्षणभर रिच होऊन गुदमरते. अजिबात नसेल तर उलट, पिस्टन उडी मारून वर जातो आणि लीन होऊन ठसका लागतो. डॅम्पर परत बसवताना तो आत जाताना हाताला थोडा अडलेला जाणवला पाहिजे.

प्रश्न : ट्रायम्फ, दोन झेनिथ-स्ट्रॉमबर्ग. काल गाडी छान होती, आज स्लोला ठीक पण रेस घेतच नाही.

उत्तर : एसयूमध्ये पिस्टन डॅशपॉटमध्ये अचूक बसवून हवा अडवलेली असते, स्ट्रॉमबर्गमध्ये तेच काम रबराचा पातळ पडदा करतो. तो फाटला की पिस्टन वर येत नाही आणि इंजिनाला हवाच मिळत नाही. वरचं झाकण चार स्क्रूंवर असतं, काढा, पडदा उजेडासमोर ताणून धरा. फाटलेला लगेच दिसेल. नवीन बसवताना पडद्याच्या कडेला एक छोटी जीभ असते ती खाचेत नीट बसवा, आणि एकाचा गेलाय म्हणजे दुसऱ्याचंही वय तेच, दोन्ही एकदम बदला.